टर्बोचा पाइप आणि महालचे वेल्डर काका

मी पडले कॉन्व्हेंटवाली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सोडा, मुद्दा बघा!

प्रोजेक्टच्या इंजिनाला टर्बो लावायचा विषय निघाला की हॉस्टेलमध्ये दोन पार्ट्या पडतात. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचा पाइप कशाचा? एक पार्टी म्हणते, "पीव्हीसी लावा, हवाच तर न्यायची आहे!" दुसरीला अ‍ॅल्युमिनियमशिवाय चालत नाही. माझ्या मते घरगुती कामाला साधं माइल्ड स्टीलच बरं.

आधी पीव्हीसी. हवा दाबली की तापते, हा थर्मोचा पहिला धडा. नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ अंश. १ बार बूस्ट आणि कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १४० अंशांच्या वर जाते. पीव्हीसी ८० च्या आसपासच मऊ पडतं. फुल लोडवर जोड सुटला तर? शेजारी आपलाच कोणीतरी रीडिंग घेत उभा असतो. इथे जुगाड नको.

अ‍ॅल्युमिनियम वजनाला स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, शिवाय लाल गंज नाही. मान्य! पण "ते उष्णता लवकर सोडतं" हा मुद्दा पोकळ आहे. गार करणं हे इंटरकूलरचं काम. हातभर पाइपातून हवा क्षणात निघून जाते, ती गार काय होणार? आणि पातळ अ‍ॅल्युमिनियम नीट जोडायला एसी टिग मशीन आणि सरावाचा हात लागतो. जोड गळला तर बूस्ट गेलाच.

माइल्ड स्टील मात्र आमच्या महालातले वेल्डिंगवाले काका रोज जोडतात. सायलेन्सरवाल्याकडे तयार बेंड मिळतात. आपण विचारतो, "वजन किती?" काका विचारतात, "ताई, जाडी किती?" दीड मिलिमीटर म्हटलं की गॅसवर काम होतं. पाइपाच्या टोकाला बाहेरून वेल्डचं कडं फिरवून घ्या, नाहीतर होज दाबानं निसटतो. होज सिलिकॉनचा घ्या. आतला गंज आणि वेल्डचे कण घासून काढा. इंटरकूलरनंतर फिल्टर नसतो, सुटलेला कण थेट इंजिनात जातो! बाहेरून रंग द्या आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा.

हे सगळं प्रोजेक्टपुरतं, बरं का! रस्त्यावरच्या गाडीत मनाने बदल केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं.

थोडक्यात काय, पुस्तकातल्या तक्त्यात मटेरियलचे सगळे गुण असतात, पण ते आपल्या गावात कोण जोडून देईल हे नसतं. तो कॉलम आपणच भरायचा. पटतंय का?