काटे काढलेला सानमा

साहित्यातल्या स्वयंपाकाकडे पाहण्याच्या दोनच सवयी आपल्या समीक्षेला जडलेल्या दिसतात. एक तर त्याला 'वातावरणनिर्मिती' म्हणून बाजूला सारायचे, नाहीतर घाईघाईने त्याचे प्रतीक करून टाकायचे. पदार्थ हा आधी पदार्थ म्हणून वाचायचा असतो, हे दोन्हींत राहून जाते. सानमा या जपानी माशाच्या निमित्ताने त्याविषयी थोडे.

सानमा हा शरदातला, निमुळता, चंदेरी मासा. 'शरद', 'तलवार' आणि 'मासा' या तीन चित्राक्षरांनी त्याचे नाव लिहितात. घरी तो करण्याची रीत अगदी साधी. अख्ख्या माशाला मीठ लावून थोडा वेळ ठेवायचा, सुटलेले पाणी टिपून घ्यायचे आणि जाळीवर भाजायचा. सोबत किसलेला मुळा, लिंबाची फोड आणि सोया सॉसचे चार थेंब. पोट मात्र बहुधा साफ करत नाहीत. या माशाला जठर नसते, आतडेही आखूड असते. आतला किंचित कडवटपणा हाच अनेकांना त्याच्या चवीचा गाभा वाटतो.

हा कडवटपणा ठाऊक नसेल तर सातो हारुओ यांची १९२१ सालची सानमावरची कविता अर्धीच कळते. एकटा जेवणारा पुरुष, त्याला आठवणारी दुरावलेली गृहिणी, आणि जो आपला बाप नाही त्याला माशाचे आतडे देऊ पाहणारी तिची लहान मुलगी. कवितेमागे तानिझाकींच्या पत्नीविषयीचे सातोंचे प्रेम होते आणि १९३० साली त्या दोघांचा विवाह झाला, ही माहिती उपयोगी आहेच. पण मुलगी नेमके आतडेच का देते, हे चरित्र सांगत नाही. ते चूल सांगते. लहान जिभेला नकोसा आणि मोठ्यांच्या आवडीचा असाच तो घास असतो.

यावर एक आक्षेप संभवतो. यासुजिरो ओझू यांच्या १९६२ सालच्या अखेरच्या चित्रपटाचे मूळ नाव 'सानमाची चव' असे आहे, आणि त्यात सानमा कुठेच दिसत नाही. मग ते प्रतीकच नव्हे काय? मला उलट वाटते. ज्याच्या जिभेवर ती चव आधीच आहे, त्याच्याच भरवशावर दिग्दर्शकाला मासा पडद्याबाहेर ठेवता येतो. इंग्रजीत त्या नावाची 'शरदातली एक दुपार' झाली. ऋतू उरला, मासा गेला.

जपानी कथाकथनातली, म्हणजे राकुगोतली, 'मेगुरोचा सानमा' ही गोष्ट इथे आठवते. मेगुरो गावी भाजलेला सानमा खाऊन एक सरदार खूश होतो. वाड्यावर मात्र आचारी त्याची चरबी उतरवतात, काटे वेचून काढतात आणि बेचव गोळा पुढे ठेवतात. अर्थाला टोचेल ते सारे वेचून काढणारी समीक्षा याहून वेगळे काय करते?

अर्थात 'साधा पदार्थ' हा शब्दही तपासून घ्यायला हवा. साधा कोणासाठी? ओझूंच्या चित्रपटातला विधुर बाप मुलीचे लग्न लावून देतो आणि शेवटी स्वयंपाकघरात एकटाच किटलीतून पेल्यात ओतून घेतो. घर कोण चालवत होते, हे त्या एका कृतीतून कळते. रोजच्या जेवणाचा साधेपणा बहुधा कोणाच्या तरी न मोजलेल्या श्रमांवर उभा असतो, आणि स्वयंपाकाला नेपथ्य म्हणणारा वाचक ते श्रमही नेपथ्यातच ढकलतो.

जपानमधली सानमाची आवक २००८ साली तीन लाख टनांहून अधिक होती; २०२२ साली ती सुमारे १८ हजार टनांवर आली. पुढे ती काहीशी सावरली, तरी स्वस्त म्हणून घरोघरी शिजणारा मासा दुर्मीळ होऊ शकतो, हे त्या वर्षांनी दाखवले. तसे झाले तर ही कविता आणि हा चित्रपट खुद्द जपानी वाचकालाही तळटिपांतून समजून घ्यावे लागतील. ती तळटीप लिहिणाऱ्याने मासा भाजायचा कसा, हे आधी लिहावे. प्रतीकाचे नंतर पाहता येईल.