पाकिटातले पाच हजार

मागच्या महिन्यात पालकसभा संपली तरी एक आई वर्गात थांबून राहिली. तिची मुलगी माझ्याकडे आठवीत आहे. तिने पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, पाच हजार आहेत. तुमचे साहेब मशिदीच्या कमिटीत आहेत ना? छपराच्या कामाला द्या. पण आधी सांगा, हे चालतील का?"

पैसे थोरल्या मुलाचे. तो कल्याणला एका दुकानात कामाला आहे, आसनगावहून रोज लोकलने जातो. जाता-येता मोबाईलवर पैसे लावून खेळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला. पण याने तोवर दुसरी वाट शोधली होती. त्या आठवड्यात जिंकला आणि स्वतःहून म्हणाला, "अम्मी, यातले अल्लाहच्या घराला दे."

खरं सांगते, क्षणभर माझंही मन डळमळलं. पावसात छप्पर गळतं, वर्गणी पुरत नाही. पोरगा उधळत तर नाहीये, मशिदीलाच देतोय!

मग आठवलं की ही सबब फार जुनी आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याच्या वाट्यांवर बाणांनी जुगार खेळत. जिंकणारे ते मांस गोरगरिबांना वाटत आणि त्याचा अभिमान मिरवत. त्या जुगारालाच 'मैसिर' म्हणत. सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगारात लोकांना काही फायदा आहे हे नाकारलेलं नाही, पण गुनाह फायद्याहून मोठा आहे असं सांगितलं आहे. पुढे सूरह अल-माइदामध्ये त्यापासून दूर राहण्याचा स्पष्ट हुकूम आला. म्हणजे गरिबाच्या पोटात जाणारं मांससुद्धा त्या खेळाला हलाल करू शकलं नाही.

माझ्या लहानपणी भिवंडीचे मामू मटका खेळत. आमच्या लाईनवर अनेकांना वाटतं, 'कल्याण मटका' म्हणजे आपलं कल्याण स्टेशन. तसं नाही. १९६२ साली तो मुंबईत कल्याणजी भगत यांनी सुरू केला, नाव त्यांचं. मामूंचा आकडा लागला की पेढ्यांचा बॉक्स यायचा, आम्ही पोरं वाट बघायचो. मामीच्या हातातल्या बांगड्या कधी गेल्या, ते मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही.

बी.एड.ला माझ्यासोबत वसईची एक ख्रिस्ती मैत्रीण होती. तिने त्यांच्या इंजिलमधली एक गोष्ट सांगितली होती. हजरत ईसा (अ.) यांना पकडून देण्यासाठी यहूदाने चांदीची तीस नाणी घेतली, मग पस्तावून ती मंदिरात फेकली. पुजाऱ्यांनी ती खजिन्यात घातली नाहीत. त्यातून कुंभाराचं शेत घेऊन परक्यांसाठी दफनभूमी केली. त्या प्रसंगाबद्दल आपली श्रद्धा वेगळी आहे, पण खजिन्याचं दार बंद ठेवण्याची ती गोष्ट माझ्या मनात राहिली.

कारण आपल्याकडे तर ती डोळ्यांसमोर उभी आहे. हज-उमरा करून आलेल्यांनी काबागृहाशेजारची अर्धगोल भिंत पाहिलीच असेल, हतीम. पैगंबर मुहम्मद (स.) यांना नबुव्वत मिळण्याआधी कुरैशांनी काबागृह नव्याने बांधलं, तेव्हा ठरवलं की व्याजाचा, जुलुमाचा, हरामाचा पैसा यात लागणार नाही. स्वच्छ पैसा कमी पडला, म्हणून तेवढा भाग बांधकामाबाहेर राहिला. मूर्तिपूजक होते ते, तरी अल्लाहचं घर अपुरं ठेवणं त्यांनी पत्करलं.

मी पाकीट परत तिच्या हातात दिलं. म्हटलं, "हे ज्यांचे आहेत ते हरलेले लोक आहेत, कुणाच्या तरी घरचेच. मूळ मालक सापडत नसेल तर सवाबची आशा न धरता गरजूला देऊन मोकळं व्हावं असं आलिम सांगतात. मी मुफ्ती नाही, मौलानांना विचारा. आणि त्याचं पासबुक एकदा बघा."

तिला वाईट वाटलं असावं. काही न बोलता गेली.

दहा दिवसांनी मुलीच्या हाती चिठ्ठी आली. चार महिन्यांत खात्यातून एकेचाळीस हजार गेले, आले नऊ. त्यात बहिणीच्या क्लासची फी होती. मुलाने अ‍ॅप काढून टाकलंय म्हणतो, पण फोन उशाखालीच ठेवतो. चिठ्ठीसोबत छपरासाठी दोनशे रुपये होते, तिच्या शिलाईचे. तेवढे मी घेतले आणि पावती पाठवली.