विद्यापीठाची अबकारी

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांत प्रेक्षकांस बियर विकून त्या विक्रीचे उत्पन्न क्रीडाखात्याच्या तिजोरीत जमा करण्याची जी प्रथा गेल्या पंधरा वर्षांत तेथे बहुतेक सर्वत्र रूढ झाली आहे, तिचे मंडन करणारा एक विस्तृत लेख त्या देशात दीर्घकाळ वास्तव्य करून असलेल्या एका विद्वान गृहस्थांनी नुकताच मराठीत प्रसिद्ध केला आहे. परक्या देशातील परक्या खेळाची ही उठाठेव आपणांस कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यांतील कितीतरी कुटुंबांची मुले आज त्या विद्यापीठांत शिकत आहेत, शनिवारच्या त्या सामन्यांस जात आहेत, आणि शिवाय ज्या युक्तिवादाच्या पायावर तो लेख उभा आहे तो युक्तिवाद आपल्या प्रांताने पूर्वी ऐकलेला आहे व त्याची किंमतही मोजलेली आहे. विद्येच्या क्षेत्रातील एका अधिकारी पुरुषाने तो आज पुन्हा मांडावा याचा मला मनापासून खेद झाला, आणि तो खेद गिळून स्वस्थ बसणे मला शक्य झाले नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. लोक पितातच, वाहनतळावर मोटारींच्या मागे मांडलेल्या ज्या मेजवान्यांना तेथे टेलगेटिंग म्हणतात, त्यांत तर घटाघटा पितात, मग आत, ओळखपत्र पाहून, पेल्यापेल्याने विकली तर बिघडले काय? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ साली विक्री सुरू केली आणि पोलिसांकडे जाणारी प्रकरणे घटली, हा त्यांचा पुरावा. धनिक देणगीदार आपल्या आलिशान कक्षांत वर्षानुवर्षे पीतच होते, मग सामान्य प्रेक्षकालाच मज्जाव का, हा त्यांचा समतेचा मुद्दा. आणि या सर्वांवर कळस म्हणून पैसा: खेळाडूंना आता मोबदला द्यावयाचा आहे, तिकिटांचे उत्पन्न नसलेले खेळ जगवावयाचे आहेत, आणि हा पैसा तर प्रेक्षक आपखुशीने देतो. लेखाचा सगळा उत्तरार्ध या पैशाच्या स्तोत्राने भरलेला आहे. तेव्हा आपणही प्रथम पैशाकडेच पाहू.

टेक्सास विद्यापीठाने २०१५ च्या हंगामात आपल्या ऑस्टिनच्या भव्य प्रेक्षागारात फुटबॉल सामन्यांच्या वेळी बियर व वाइन विकण्यास आरंभ केला, तेव्हा पहिल्या हंगामाच्या विक्रीचा आकडा सुमारे १८ लाख डॉलर म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्या आकड्याने इतर विद्यापीठांच्या कारभाऱ्यांचे डोळे दिपले. परंतु त्याच सुमारास त्याच विद्यापीठाच्या क्रीडाखात्याचे वार्षिक उत्पन्न १८ कोटी डॉलरांच्या वर होते. म्हणजे ज्या द्रव्यावाचून खेळांचा कारभार ठप्प होईल असे आपणांस सांगण्यात येते, ते द्रव्य शंभर डॉलरांतला एक डॉलर आहे! देशातील अतिश्रीमंत विद्यापीठांपैकी एकाची ही कथा, तर लहान विद्यापीठांची रक्कम किती असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. खेळाडूंच्या मोबदल्याचा जो प्रश्न लेखकाने इतक्या कळवळ्याने मांडला आहे, त्याचाही हिशेब असाच आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठास आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत रक्कम थेट वाटण्याची मुभा मिळाली. टेक्साससारखी १८ लाखांची विक्री, तीही पेय, पेले आणि नोकर यांचा खर्च वजा न करता जशीच्या तशी धरली, तरी त्या रकमेचा दहावा हिस्सादेखील भरत नाही. आणि ज्या खात्यांना ही विवंचना आहे असे म्हणतात ती खाती खर्च करताना कशी वागतात? टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल प्रशिक्षकास मुदतीपूर्वी घरी पाठवले, तेव्हा त्यास न केलेल्या कामाबद्दल साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे करारानुसार त्या संस्थेवर बंधनकारक झाले. टेक्सासच्या त्या पहिल्या हंगामाइतकी बियर चाळीसहून अधिक हंगाम विकली तेव्हा कोठे ही एका माणसाच्या गच्छंतीची भरपाई होईल. ज्या घरात एका निर्णयापायी इतके द्रव्य उधळले जाते, त्या घराने दारिद्र्याचे कारण सांगून तरुणांच्या मेळ्यात दारूचे दुकान थाटावे, हे मला सर्वथा असह्य वाटते.

यावर असे उत्तर येईल की, रक्कम लहान असेल तर तिच्याविषयी एवढा त्रागा कशासाठी? याचे कारण असे की, महसूल लहान असो वा मोठा, एकदा अंदाजपत्रकात त्याची बाब पडली की तो तेथे स्वस्थ बसत नाही. पुढील वर्षीच्या अंदाजात मागील वर्षीच्या वसुलापेक्षा चार दाम अधिक धरावेच लागतात. धरले की ते वसूल करावे लागतात. आणि वसुलीच्या आड जो नियम येतो तो नियम आज ना उद्या जुना, जाचक आणि अनावश्यक ठरू लागतो. आग्नेय भागातील विद्यापीठांच्या संघाने, जो तेथे एसईसी या नावाने ओळखला जातो, २०१९ साली सर्वसामान्य प्रेक्षकांस विक्रीची मोकळीक दिली, तेव्हा काही बंधने घातली: फक्त बियर आणि वाइन, ठरावीक ठिकाणीच विक्री, आसनांमधून फेरीवाले नाहीत, प्रत्येक वेळी ओळखपत्र, आणि तिसरे क्वार्टर संपताच दुकान बंद. बंधने चांगलीच आहेत. परंतु ती कायम टिकतील याची हमी कोण देणार? व्यावसायिक बेसबॉलमध्ये २०२३ साली चेंडू टाकण्याच्या वेळेवर घड्याळाचे बंधन आले आणि सामने अर्ध्या तासाच्या आसपास लवकर आटोपू लागले. प्रेक्षकाने मोटार हाकण्यापूर्वी त्याची धुंदी उतरावी म्हणून सातव्या इनिंगशी विक्री थांबविण्याचा तेथे प्रघात होता. सामना लवकर संपत असेल तर त्या हेतूने विक्रीही लवकर थांबावयास हवी होती. प्रत्यक्षात मिलवॉकीसह काही संघांनी ती आठव्या इनिंगपर्यंत वाढवली. विक्रीचा अवधी घटला, उत्पन्न घटेल असे दिसू लागले, आणि सुरक्षिततेसाठी केलेला प्रघात त्याच हंगामात मोडला. ते संघ निदान उघडउघड व्यापारी आहेत. विद्यापीठाच्या जमाखर्चात तीच ओढ निर्माण करून पुन्हा वेगळ्या फळाची अपेक्षा करणे याला शहाणपण म्हणता येत नाही.

येथे आपल्या इकडील एका जुन्या वादाची आठवण केल्यावाचून राहवत नाही. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती ताडी व मोहाची दारू यांवर सरकारी दप्तराचा पाश आवळला गेला, मक्त्यांचे लिलाव होऊ लागले, आणि गावोगावचे पिणे ही सरकारी उत्पन्नाची बाब बनली. तेव्हाही युक्तिवाद हाच होता की लोक पितातच, सरकार केवळ त्यांस नियमात आणते. पुढे १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती प्रांतिक मंत्र्यांच्या हाती आली, आणि प्राथमिक शाळांचा खर्च दारूच्या उत्पन्नावर टेकलेला आहे ही गोष्ट कोणास नाकारता येईना. १९३७ साली लोकनियुक्त मंत्रिमंडळे अधिकारावर आल्यानंतर दारू बंद केली तर शाळा बंद पडतील असा धाक कित्येक सुबुद्ध माणसांनी घातला होता, आणि मुलांना शिकविण्यासाठी बापांना पाजावे लागते या लज्जास्पद स्थितीतून बाहेर कसे पडावे याचा विचार वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेत झाला होता. ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आली, तूट भरण्यासाठी स्थावर मालमत्तेवर कर बसला, त्यावरून मोठा कोलाहल झाला. परंतु शाळा बंद पडल्या नाहीत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्ट्या कशा फोफावल्या हे मला पूर्णपणे ठाऊक आहे, आणि मी येथे दारूबंदीची वकिली करीत नाही. प्रौढ मनुष्याने आपल्या घरी काय प्यावे हा प्रश्न निराळा. ज्याच्या हाती तरुणांचे पालकत्व सोपविले आहे त्याने त्या पिण्यात आपला हिस्सा ठेवावा काय, हा प्रश्न निराळा. आमच्या लेखकांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे आणि दुसऱ्याचे दिल्याचा आविर्भाव आणला आहे.

तरुण म्हणजे कोण, हेही नीट पाहिले पाहिजे. १९८४ च्या संघराज्यीय कायद्याने महामार्गांच्या अनुदानाचा दाब आणून सर्व राज्यांत दारू खरेदीचे किमान वय २१ करविले. अठराव्या वर्षी दाखल होणारा विद्यार्थी आपल्या चार वर्षांच्या शिक्षणातील बहुतेक काळ या वयाच्या आतच असतो. म्हणजे जेथे विक्री चालते तेथील यजमानवर्गापैकी बहुसंख्य विद्यार्थ्यांना तो माल विकत घेण्यास कायद्याने बंदी आहे. ओळखपत्राच्या तपासणीवर लेखकाची नितांत श्रद्धा आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक सामन्यांच्या प्रेक्षागारांत केलेल्या पाहणीत अल्पवयीन दिसणाऱ्यांना १८ टक्के प्रयत्नांत दारू मिळाली, आणि नशेत असल्याचे सोंग करणाऱ्यांना तर ७४ टक्के प्रयत्नांत मिळाली. झिंगलेल्या माणसास विकू नये हा नियम भिंतीवर लिहिलेला असतानाची ही स्थिती आहे.

आता वेस्ट व्हर्जिनियाचा पुरावा. लेखकाने त्यातील एक बाब गाळली आहे, आणि तीच निर्णायक आहे. विक्री सुरू करताना त्या विद्यापीठाने मध्यंतरात बाहेर जाऊन वाहनतळावर पिऊन पुन्हा आत येण्याची पूर्वीची मुभाही काढून घेतली. दोन उपाय एकदम योजले, प्रकरणे घटली, आणि सगळे श्रेय बियरला! उलट कोलोरॅडो विद्यापीठाने १९९६ साली बोल्डर येथील आपल्या प्रेक्षागारातील बियर बंद केली, तेव्हा अटका, मारामाऱ्या, हकालपट्ट्या आणि शिस्तभंगाची प्रकरणे यांत मोठी घट झाली, आणि हंगामी तिकिटे घेणाऱ्यांनी काही प्रमाणात नापसंती दाखवली तरी सामन्यांस येणे सोडले नाही, असा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तेथेही पुढे विक्री पुन्हा आली, हे खरे. पण ती आली म्हणून त्या अभ्यासातील निष्कर्ष खोटे ठरत नाहीत.

देणगीदारांच्या कक्षांविषयी एवढेच म्हणतो की, तेथील दारू बंद केल्यानेही समता साधते.

सामन्याचा दिवस हा त्या विद्यापीठांत केवळ उत्सवाचा दिवस नसतो, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात फुटबॉल सामन्यांच्या दिवशी १७ ते २४ वयोगटातील बळी असलेल्या बलात्काराच्या तक्रारी २८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध त्या दिवशीच्या मद्यपानाच्या वातावरणाशी जोडला. ते सगळे मद्य प्रेक्षागारात विकलेले नसते, हे मी जाणतो. परंतु ज्या दिवशी आपल्या कन्यांवर असे संकट ओढवते हे विद्यापीठास माहीत आहे, त्याच दिवशी विद्यापीठाने स्वतःच्या चिन्हाखाली तेच पेय विकावे, आणि त्याच विद्यापीठाच्या आरोग्यविभागाने मद्यपानाचे धोके सांगणारी पत्रके नव्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत, हे कोणत्या तत्त्वाने सुसंगत ठरते? ओहायो स्टेट विद्यापीठाने २०१६ साली विक्री सुरू केली तेव्हा उत्पन्नातून जादा पोलीस अधिकाऱ्यांचा खर्च भागविण्याचे ठरविले. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, पण त्यातून कबुलीही स्पष्ट होते.

मग करावे काय? माझे म्हणणे साधे आहे. मध्यंतरात बाहेर जाऊन परत येण्याची मुभा सर्वत्र काढावी. वेस्ट व्हर्जिनियाच्या अनुभवातून घेण्यासारखे असेल तर ते हेच. पाणी फुकट आणि जागोजागी मिळावे. कक्षांतील आणि आसनांतील विक्री एकाच आदेशाने थांबवावी, आणि शंभरातला तो एक डॉलर प्रशिक्षकांच्या करारांतील मुदतपूर्व भरपाईच्या कलमांना मर्यादा घालून भरून काढावा. हे एकदम होणार नाही. मिशिगनच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये कायदा बदलून एक लाखाहून अधिक आसनांच्या प्रेक्षागाराचे दार विक्रीस उघडले, तेव्हा प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो आहे हे मला दिसते. म्हणून निदान इतके तरी व्हावे की, ही रक्कम क्रीडाखात्याच्या जमाखर्चात एक दमडीही जाऊ नये. ती सर्वच्या सर्व विद्यार्थ्यांच्या आरोग्यविभागाकडे वर्ग व्हावी, आणि दर हंगामाच्या अखेरीस किती पेले विकले, किती जणांना बाहेर काढले, किती जणांना इस्पितळात न्यावे लागले, हे सर्व आकडे विद्यापीठाने एकाच कागदावर छापून प्रत्येक पालकाच्या पत्त्यावर पाठवावेत.