घरातला वास आणि गटारातला माणूस

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडील बांधवांकडे जाणे झाले की एक तक्रार हटकून ऐकू येते. चाळ किंवा झोपडी जाऊन फ्लॅट मिळाला, संडास-न्हाणीघर घरात आले. पण दार उघडताच गटाराचा वास! मग भगिनी फिनेल ओततात, उदबत्ती लावतात. वास तासभर दबतो, पुन्हा येतो. वासाचे मूळ शोधल्याशिवाय तो जात नाही, आणि मूळ बहुधा घरातच असते.

मोरीच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात चार बोटे पाणी कायम साचून राहिले पाहिजे. ते पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यातला पडदा. संडासाच्या भांड्याखालचा बाकही त्याचसाठी. ही युक्ती १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने पेटंट केली. नळ्या पुढे बदलल्या, तत्त्व तेच राहिले.

वास कधी येतो हे आधी पाहावे. गावाहून परतल्यावर आला तर ट्रॅप सुकला आहे. बादलीभर पाणी ओतावे. पुढच्या वेळी जाताना पाण्यावर पळीभर खाण्याचे तेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर आटत नाही. गॅलरीतली मोरी कोणी वापरत नाही, तिथे आठवड्याला एक तांब्या पुरे. ट्रॅपमधली वाटी मात्र जागेवर आहे ना, हे पाहावे. पाणी हळू जाते म्हणून ती काढून माळ्यावर टाकलेली आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. स्वयंपाकघरात सिंकखालची लवचिक नळी भोकात नुसती खोचलेली असते. तिला वळण देऊन बांधावे आणि भोवतालची फट एम-सीलने बुजवावी. वॉशिंग मशीनच्या नळीचेही तेच.

वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की आपल्या मोरीत गुडगुड आवाज होतो आणि मग वास येतो? म्हणजे पाईप आपल्या ट्रॅपमधले पाणी ओढून नेतो आहे. अशा वेळी गच्चीवर जाऊन वेंट पाईपचे तोंड पाहावे. पावसाळी पत्र्याखाली ते दबलेले असते, नाहीतर पक्ष्याच्या घरट्याने बुजलेले असते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही ओतू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हे कोणी पाहत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, 'चेंबर तुंबले', आणि काहीशे रुपये देऊन कोणाला तरी आत उतरवतात. तो कोण असतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड असतो, म्हणून टाकीच्या तळाशी साचतो. तो फार झाला की नाकच बधिर होते. घरात आपल्याला सावध करणारा वास आत उतरलेल्याला येतच नाही. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार गेले. कांदिवलीत मार्च २०२२ मध्ये सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत आणखी तीन.

२०१३ च्या कायद्याने गटारात वा सेप्टिक टाकीत माणसाकडून धोकादायक सफाई करून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गोवंडीच्या तिन्ही विधवांना दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. पैसे मोठे दिसतात, पण ते मेल्यानंतरचे!

तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्यापैकी कोणीतरी उठून ठराव मांडावा: वासाची तक्रार आली की प्रथम ट्रॅप आणि वेंट पाईप तपासायचा, चेंबर उपसायचे तर यंत्राच्या गाडीनेच, आणि आत माणूस कोणत्याही कारणाने उतरणार नाही. ठराव मिनिट बुकात सहीनिशी लिहून घ्यावा. कारकुनी करणाऱ्या आम्हांला ठाऊक आहे, तोंडी कबुली नवी कमिटी येईपर्यंतच टिकते.