उंचीची रेघ

उन्हाळ्याची सुटी लागली की जळगाव-धुळ्याकडील अनेक घरांत एक वाद हमखास रंगतो. वडील सांगतात, गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधील ‘ॲक्वा डाइव्ह’च्या होडीची सर आता कशालाच नाही. मुले खोपोलीच्या इमॅजिकातील ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’चे नाव घेतात. १९८९ साली सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड आता बंद पडले आहे आणि इमॅजिका २०१३ साली सुरू झाले, त्यामुळे या वादात एक पक्ष आठवणींचा आणि दुसरा उत्साहाचा. निकाल लागत नाही तो त्यामुळेच. पण दोन्ही पक्ष एकच प्रश्न विचारतात : कोणती होडी अधिक उंचावरून पडते? कुटुंबाच्या आरोग्याच्या दृष्टीने तो प्रश्नच अपुरा आहे.

या खेळाचे मूळ गमतीचे आहे. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकात तोडलेले लाकूड पाण्याच्या लांबच लांब लाकडी पन्हळींतून खाली सोडत. त्या पन्हळीला ‘फ्लूम’ म्हणतात. त्या धर्तीवर ओंडक्याच्या आकाराच्या होडीत माणसे बसवून तिला पन्हळीतून सोडण्याचा आधुनिक खेळ १९६३ साली अमेरिकेतील टेक्सासच्या एका उद्यानात सुरू झाला. आपल्याकडील मोठ्या होड्या ही त्याच कुळातील भावंडे. इमॅजिकाने त्यात कथेची भर घातली. होडी आधी डायनासोरांच्या बेटातून फिरते आणि मग कोसळते. ज्याचे नाव तिला दिले तो राजासॉरसही खराच. त्याचे जीवाश्म गुजरातमध्ये सापडले आणि २००३ साली त्याचे शास्त्रीय नामकरण झाले ते नर्मदेवरून.

आता उंचीचा हिशेब पाहू. घर्षण वगळले तर १० मीटर उंचीवरून घसरणारी होडी पायथ्याशी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग घेते, आणि २० मीटरवरून येणारी सुमारे ७१. म्हणजे उंची दुप्पट झाली तरी वेग दीडपटही होत नाही. पोटात गोळा येतो तो वरून सुटताना. पण शरीराची खरी परीक्षा खाली होते. पाण्याच्या आडकाठीने होडी अचानक मंदावते, धड पुढे झुकते, मान हिसडते. तो हिसका निरोगी शरीर सहज सोसते. मात्र गर्भवती स्त्री, हृदयविकाराचा किंवा आटोक्यात नसलेल्या रक्तदाबाचा रुग्ण, मान-कमरेच्या मणक्यांचे दुखणे असलेली किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती यांनी काठावरूनच गंमत पाहावी. अपस्माराच्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणि मुले? येथे मला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका उद्यानात माझा सात वर्षांचा भाचा उंचीच्या रेघेला दोन बोटे कमी पडला. रात्रभर प्रवास करून आम्ही तेथे पोहोचलो होतो. त्याच्या बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या घालण्याची युक्ती माझीच. दारावरच्या तरुणाने बूट काढायला सांगितले आणि मी, लोकांना आरोग्याचे सल्ले देणारा माणूस, त्याच्याशी हुज्जत घालू लागलो. तो शांतपणे म्हणाला, “काका, तिकिटाचा प्रश्न नाही. दांडा याच्या मांडीवर टेकणारच नाही.” माझ्याकडे उत्तर नव्हते. आडवा दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी बसवलेला असतो. लहान मूल त्याखालून निसटू शकते. रेघ आखली जाते ती या मोजमापावरून. एकवीरादेवीच्या यात्रेतील आकाशपाळण्यात मुलांना मांडीवर घेऊन बसण्याची आपल्याला सवय, म्हणून ती रेघ आपल्याला अपमानासारखी वाटते.

त्याहून मोठा धडा संध्याकाळी मिळाला. परतीच्या गाडीत भाचा हळूच म्हणाला, “मामा, मला बसायचंच नव्हतं.” दिवसभरात आम्ही त्याला ते विचारलेच नव्हते. भीती वाटणाऱ्या मुलाला ‘घाबरट’ म्हणून ढकलल्याने ते धीट होत नाही. पुढच्या वेळी भीती सांगायची नाही, एवढेच ते शिकते. त्याने आधी काठावर उभे राहून दोन-चार होड्या उतरताना पाहाव्यात, आणि मग त्याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ आपण मान्य करावे.

बाकीची पथ्ये सोपी आहेत. रात्रभर जागून, उपाशीपोटी किंवा भरल्या पोटी लगेच होडीत बसू नये. पाठ आसनाला टेकवावी, दोन्ही हातांनी दांडा धरावा, तोंडात सुपारी, चॉकलेट काही नसावे. होडी पूर्ण थांबेपर्यंत उठू नये. पन्हळीतील पाणी पुन्हा पुन्हा फिरवलेले असते, म्हणून ते तोंडात जाऊ देऊ नये, आणि जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्याच्या खेळांपासून दूर ठेवावे. क्लोरीनला काही जंतू लवकर दाद देत नाहीत. अंग भिजले म्हणजे शरीरातील पाणी भरून निघाले, असेही नाही. मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे गेलेला पाहणाऱ्या आपल्या खानदेशी माणसांना हे सांगायला नकोच, तरी ताक-पाण्याची बाटली सोबत असू द्यावी.

तेव्हा दोन उद्यानांची तुलना अवश्य करावी. कोठे उंची काटेकोर मोजतात, कोठे दांडा प्रत्येकाचा हाताने तपासतात, कोठे आजारपणाची सूचना मराठीत ठळक लिहिलेली आहे, हे पाहावे. जेथे मोजमापात सूट मिळते, तेथून मुलांना घेऊन मागे फिरावे.

भाच्याने यंदा धुळ्याच्या घरी दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची मोजून घेतली. पेन्सिल माझ्या हाती होती. “मामा, आधी बघ,” तो म्हणाला, “मी अनवाणी आहे.”