पीडी-१चा ब्रेक : कमी डोसचा पर्याय रुग्णाला सांगायलाच हवा

आपल्या टी-पेशींवर पीडी-१ हे प्रोटीन असते. प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटू नये म्हणून ते पेशीच्या आत ‘थांब’ असा सिग्नल देते. कॅन्सर हाच ब्रेक दाबून धरतो. निवोलुमॅब इंजेक्शन तो सोडवते. पण नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, खर्च लाखांत.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. तीन औषधांच्या गोळ्यांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले.

प्रत्येकाला हे लागू पडेलच असे नाही. पण उरवड्यातल्या एखाद्या कुटुंबाने उपचारासाठी जमीन विकण्याआधी डॉक्टरांनी हा पर्याय सांगायलाच हवा. नाही सांगितला, तर तुम्ही विचारा.