साडेनऊ तासांचा फरक

परवा माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला. फोटो शोधायचे होते. फोटो सापडले नाहीत, पण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा अख्खा फोल्डर सापडला, २००७ सालचा. त्यात इंटरफेस, त्यात अ‍ॅडऑन्स आणि त्यात घड्याळाचं ते छोटंसं अ‍ॅडऑन, जसंच्या तसं. शनिवारची सकाळ त्यातच गेली. म्हटलं आज यावरच लिहावं. गेम न खेळणाऱ्यांनी पळून जाऊ नका, विषय घड्याळाचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा गेम अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये आला. हजारो लोक एकाच वेळी एका सर्व्हरवर, महिन्याला सुमारे पंधरा डॉलर भाडं. भारतात सर्व्हर नव्हता. माझा एक मित्र ऑनसाइट न्यू जर्सीला होता, त्याच्या नादाने मीही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर खातं उघडलं. पुण्यात बसून. बीएसएनएलचा तो 'नाइट अनलिमिटेड' प्लॅन आठवतोय का? रात्री दोन ते सकाळी आठ कितीही डाउनलोड करा, मीटर बंद. तिकडच्या मंडळींचा रात्री आठचा खेळ म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. असा योग जुळून आल्यावर कोण झोपतो!

आता गंमत बघा. या गेममध्ये तेव्हा धड घड्याळच नव्हतं. कोपऱ्यातल्या गोल नकाशाला सूर्य-चंद्राचं एक चित्र चिकटवलेलं. त्यावर माउस नेला की वेळ दिसायची, तीही सर्व्हरची. गेम फुलस्क्रीन, त्यामुळे विंडोजचा टास्कबार झाकलेला. गेममधला दिवस आणि रात्रही सर्व्हरच्या वेळेप्रमाणे. म्हणजे माझ्या खिडकीबाहेर उजाडतंय, दूधवाला येऊन गेलाय, आणि स्क्रीनवर एल्विनच्या जंगलात अंधार पडतोय. पहिला आठवडाभर भारी वाटलं. नंतर डोकं भणभणायला लागलं.

म्हणून अ‍ॅडऑन. वॉरक्राफ्टची ही गोष्ट मला आजही आवडते. त्यांनी स्क्रीनवरची बटणं, पट्ट्या, खिडक्या सगळं लुआ नावाच्या छोट्या भाषेत आणि एक्सएमएलमध्ये लोकांना उघडून दिलं होतं. ज्याला जे कमी वाटेल ते त्याने लिहावं, बाकीच्यांनी फुकट घ्यावं. टाकायची पद्धतही अगदी देशी: झिप फाइल उतरवायची आणि ती अ‍ॅडऑन्स या फोल्डरात उलगडायची, झालं. फक्त फोल्डरचं नाव आणि आतल्या टीओसी फाइलचं नाव एकच हवं. मी पहिल्यांदा टाकलं तेव्हा उलगडताना फोल्डरच्या आत फोल्डर झाला आणि गेमला काही दिसेचना. दिवसभर लोकांचे बग सोडवणारा माणूस घरी अर्धा तास या डब्यातल्या डबीवर अडकला होता!

पहिल्या घड्याळात एक सेटिंग होतं: सर्व्हरच्या वेळेत किती तास मिळवायचे ते. पूर्ण तास. नऊ किंवा दहा. आपल्याला हवे साडेनऊ! ज्या कोणी ते लिहिलं त्याच्या जगात अर्ध्या तासाचे देश नव्हतेच. (आपला अर्धा तास तरी सरळ आहे हो. १९०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ ठरल्यावरही मुंबईने आपला 'मुंबई टाइम' सोडला नव्हता. तो ३९ मिनिटं मागे असायचा आणि थेट १९५५ पर्यंत चालला. तेव्हा गेमिंग असतं तर मुंबईकरांनी स्लायडर कुठे थांबवला असता, देव जाणे.) शेवटी अर्ध्या तासाच्या पायऱ्या असलेलं दुसरं अ‍ॅडऑन सापडलं. साडेनऊ टाकले, स्क्रीनच्या वरच्या पट्टीत पुण्याची वेळ झळकली. हुश्श.

आता मुद्द्याकडे येतो.

५ नोव्हेंबर २००७, सोमवार. दिवाळी तीन-चार दिवसांवर. बाबा डेक्कन क्वीनने मुंबईला निघाले होते, दादरला मोठ्या काकांकडे. काका आजारी होते, म्हणून आईने फराळ आधीच करून दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. गाडी पुण्याहून सव्वासातला. बाबांचा गुडघा तेव्हाही दुखायचा. आदल्या रात्री मीच म्हणालो, "बाबा, रिक्षा बघू नका. साडेसहाला निघू, मी गाडीने सोडतो." त्याच पहाटे आमची कारझान होती. दहा जणांची मोहीम, तीन तासांची. म्हटलं, पहिला एक तास खेळू, साडेसहाला उठू. लीडरला तसं सांगूनही ठेवलं होतं.

मोबाइलच्या गजराने पाचला उठलो. अंधारातच बसलो, हेडफोन लावले. लोक जमले नव्हते. म्हटलं येतील, तोवर औषधी वनस्पती गोळा करू. (माझं पात्र वैद्य होतं, काढे विकायचं.) मग एकेक जण आला, मोहीम सुरू झाली, आणि मी वर पट्टीकडे पाहिलं. पाच पस्तीस. नेहमीचीच वेळ. अजून जवळजवळ एक तास आहे.

खरे वाजले होते सहा पस्तीस.

आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, अमेरिकेची घड्याळं एक तास मागे गेली होती. तिकडचे लोक त्यांच्या आठ वाजता, अगदी वेळेवर आले होते. फक्त त्यांचे आठ आता आपल्या साडेसहाला वाजत होते. फरक साडेदहाचा झाला, माझ्या घड्याळात साडेनऊच राहिला. घड्याळ एक तास मागे आणि मोहीमही एक तास उशिरा, त्यामुळे दोन्ही एकमेकांना दुजोरा देत होते आणि मला संशय येण्याचं काही कारणच नव्हतं. मधला अख्खा एक तास मी पाला तोडत होतो आणि तो तास गेल्याचं मला जाणवलंही नाही. यातली ही गोष्ट मला अजूनही सगळ्यात जास्त खटकते.

घड्याळात सहा पंचवीस झाल्यावर शहाण्यासारखा हेडफोन काढून बाहेर आलो. आई पूजा करत होती. म्हणाली, "ते गेले कधीच. साडेसात वाजत आले."

दाराजवळ चपलांच्या स्टँडपाशी फराळाची एक पिशवी तशीच उभी होती. दोन्ही नेणं त्यांना जमलं नसणार. कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन रिक्षा मिळवली त्यांनी. गाडी मिळाली, जेमतेम.

रात्री फोनवर मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "अरे, दार उघडून बघितलं होतं मी. तुझी मीटिंग चालू होती ना? इंग्रजीत बोलत होतास. म्हटलं क्लायंट असेल, कशाला मध्ये बोला."

त्यांची काय चूक? कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, पहाटेची वेळ, तोंडात इंग्रजी. ऑफिसचा कॉल असो की राक्षसाशी लढाई, दारातून दोन्ही सारखंच दिसतं. मी कोणाच्या वेळेत जगतोय हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं, फक्त त्यांनी त्याला 'नोकरी' हे नाव दिलं होतं.

आणि सगळ्यात लाजिरवाणी बाब अजून सांगायची आहे. अमेरिकेने त्याच वर्षी घड्याळं बदलायच्या तारखा बदलल्या होत्या. २००५ साली कायदा झाला आणि २००७ पासून उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपायला लागली. त्याआधी ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपत असे. जगभरच्या आयटीवाल्यांनी त्या वर्षाच्या सुरुवातीला सर्व्हरांना पॅच लावले. आमच्या टीममध्ये ते काम कोणाकडे होतं? अस्मादिकांकडे! फेब्रुवारीत मी क्लायंटच्या तमाम मशीन्सची वेळ दुरुस्त केली होती, रिपोर्ट पाठवला होता, 'गुड जॉब'चा मेलही आला होता. क्लायंटचं एक मिनिट चुकू दिलं नाही आणि घरी आकडा हाताने टाकून विसरून गेलो.

त्या संध्याकाळी अ‍ॅडऑनची लुआ फाइल उघडली. आत काय असणार? गेटगेमटाइम नावाचं फंक्शन सर्व्हरचे तास आणि मिनिटं देतं, त्यात माझा आकडा मिळवायचा आणि छापायचं. तेही प्रत्येक फ्रेमला, म्हणजे सेकंदाला तीस-चाळीस वेळा! मिनिटाला एकदा बदलणाऱ्या गोष्टीसाठी. असो. आणि हसू याचं आलं की त्याच लुआमध्ये डेट नावाचं फंक्शन हजर होतं. ते थेट तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ वाचतं, ज्याला पुण्याची वेळ आधीपासून माहीत असते. बेरीज नाही, स्लायडर नाही, अमेरिकेने काहीही केलं तरी फरक नाही. एक ओळ बदलली, पुन्हा कधी चुकलं नाही. लिहिणाऱ्याला दोष देत नाही, त्याने फुकट दिलं होतं. आकडा मी टाकला होता.

माझं मत या एका ओळीवर ठरलं. गेममध्ये घड्याळ हवंच, डोळ्यासमोर हवं, आणि ते खेळणाऱ्याच्या घरचं हवं. सर्व्हरच्या वेळेत अमुक मिळवून काढलेली घरची वेळ ही घरची वेळ नव्हेच. ती सर्व्हरचीच वेळ, आपल्या नावाची पाटी लावलेली. ऑफिसात आपण हेच करतो. टास्कबारवर क्लायंटची वेळ, आणि मेलमध्ये बारा महिने 'ईएसटी' लिहायचं, जरी त्यातले सुमारे आठ महिने तिकडे ईडीटी असलं तरी.

घड्याळाने माहोल जातो म्हणणारे बरेच भेटले. काही अंशी खरंय. पण माहोल जपायचा म्हणून वेळ लपवणं हे एक डिझाइन आहे आणि त्याचा फायदा कोणाला, हे उघड आहे. डिझाइनने माणूस कसा वळतो, त्याचं उदाहरण याच गेममध्ये आहे. सुरुवातीच्या चाचणीच्या काळात जास्त वेळ खेळलं की अनुभवाचे गुण कमी मिळायचे. लोक भडकले. मग तेच गणित उलटं मांडलं: सरायमध्ये विश्रांती घेऊन आलात की काही काळ दुप्पट गुण! लोक खूश. आकडे जवळपास तेच, नाव बदललं. इतकी अक्कल असलेल्या मंडळींना घड्याळाचं महत्त्व कळत नव्हतं, हे मला पटत नाही. शेवटी २००८ मध्ये त्यांनी गेममध्येच घड्याळ दिलं, गजर आणि स्टॉपवॉचसकट. चार वर्षं ते काम फुकट अ‍ॅडऑनवाल्यांनी केलं.

दुसऱ्या टोकाला चीन. २०२१ पासून तिकडे अठराच्या आतल्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढंच ऑनलाइन खेळता येतं. काही पालकमित्र आपल्याकडेही हेच हवं म्हणतात. मला नाही पटत. तेही परत दुसऱ्याचंच घड्याळ झालं. माझा सर्व्हर पहाटे साडेसहाला बंद पडला असता तर बाबांना सोडायला गेलो असतो, हे मान्य. पण तेव्हा मी उठलो असतो तो खेळ संपला म्हणून, बाबा निघालेत म्हणून नव्हे.

गेममध्ये एक कमांड आहे, स्लॅश प्लेड. या पात्राने आजवर किती काळ खेळलंय ते सांगते, दिवसांत. त्या नोव्हेंबरात मी ती पहिल्यांदा टाइप केली. एकेचाळीस दिवस आणि काही तास. आठ तासांचे कामाचे दिवस नव्हेत बरं का, चोवीस तासांचे. मी गेम लगेच वगैरे सोडला नाही. पुढे दीड वर्ष खेळलो आणि मजाही आली. पण तो आकडा पट्टीत घड्याळाच्या शेजारी लावून घेतला, आपला आपणच लिहून. पंचवीस ओळींचं अ‍ॅडऑन. माझ्याशिवाय कोणीही वापरलं नाही.

२०१९ मध्ये त्यांनी जुना गेम 'क्लासिक' म्हणून परत आणला, तुमच्यातले काही जण खेळत असतील. नकाशाजवळच्या घड्याळावर क्लिक करा, छोटी खिडकी उघडेल, त्यात स्थानिक वेळेचा चौकोन आहे. त्यावर टिक करा आणि मग हव्या त्या राक्षसाला मारा.

राहता राहिले बाबा. परत आल्यावर मी त्यांना उन्हाळी वेळ, साडेनऊ, साडेदहा, सगळं कागदावर काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मी वीस वर्षं दहा मिनिटं पुढे ठेवलंय. कशासाठी?" पुढच्या खेपेला त्यांना सोडायला गेलो, तेव्हा डेक्कन क्वीन फलाटाला लागायची होती. दोघांनी स्टेशनवर दोनदा चहा घेतला.